वाटीतील फोलपटे

गेली अठ्ठावीस वर्षे मी रुग्णांना काय खावे आणि काय खाऊ नये हे सांगत आलो आहे. दवाखान्यातील माझ्या टेबलाच्या खणात मधुमेहाचे, रक्तदाबाचे, वजन कमी करण्याचे छापील आहारतक्ते असतात. रुग्ण उठू लागला की त्यातील एक काढून हाती द्यायचा, ही माझी सवय. अन्नाविषयी आपल्याला पुरेसे कळते, या समजुतीला गेल्या वर्षी तडा गेला तो जेमतेम ८६ ग्रॅम वजनाच्या एका पाहुण्यामुळे.

वडील गेल्यानंतर आई साताऱ्यास आमच्याकडे राहायला आली. वय अठ्ठ्याहत्तर. मी दवाखान्यात, पत्नी शाळेत, मुलगी शिक्षणासाठी पुण्यात. दुपारचे घर आईला खायला उठत असे. बोलण्याच्या ओघात ती माहेरच्या राघूची आठवण काढी. पडवीत टांगलेला पिंजरा, त्यातील मिठू आणि त्याला भरवलेली भिजवलेली डाळ. नातीने ते मनावर घेतले. राघू मात्र आणता येणार नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडील देशी पोपट पकडणे, विकणे अथवा पाळणे हा गुन्हा आहे आणि तो असावा हेच योग्य. म्हणून तिने पिंजऱ्यातच जन्मलेले कॉकटीलचे एक पिल्लू आणले. कॉकटील हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुवाच्या कुळातील सर्वांत लहान पक्षी. अंगाने राखाडी, डोक्यावर तुरा, गालावर शेंदरी ठिपका. हा पक्षी पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. त्यामुळे पुढे त्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न आम्ही आधीच विचारला आणि ती जबाबदारी मुलीने स्वीकारली. ज्येष्ठांना सोबतीसाठी पक्षी देऊ पाहणाऱ्या प्रत्येक घराने हा प्रश्न आधी सोडवावा.

साताऱ्यास येण्यापूर्वी मुलीने त्याला पुण्यातील पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवले होते. पिल्लू दहा आठवड्यांचे होते. ते स्वतः दाणे सोलून खाते की नाही, हे त्या बाईंनी प्रथम पाहिले. न सुटलेली, हाताने भरवावी लागणारी पिल्ले पुष्कळदा 'लवकर माणसाळतात' असे सांगून विकली जातात. त्यांना पातळ खाद्य सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानाचे द्यावे लागते. ते अधिक गरम असेल तर गळ्याखालची अन्नपिशवी भाजते, गार असेल तर अन्न तेथेच तुंबून आंबते आणि हात चुकला तर ते श्वासनलिकेत जाते. थरथरत्या हातांचे हे काम नव्हे. घरात वयस्कर माणूस सांभाळणार असेल, तर स्वतः खाणारे पिल्लूच आणावे, एवढा धडा मी तेव्हाच घेतला.

मिठू आला. नाव अर्थातच आईने ठेवले. त्याच्यासोबत दुकानदाराने दिलेले बियांचे पाकीट होते. त्यात निम्म्याहून अधिक सूर्यफुलाच्या बिया आणि उरलेला राळा होता. आईने पहिल्याच दिवशी पेरूची फोड, हिरवी मिरची आणि दूधपोळी अशी माहेरची सरबराई मांडली. मिठूने पेरूकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"हा कसला रे पोपट? पेरूला तोंड लावत नाही!" आई म्हणाली.

तिचे आश्चर्य साहजिक होते, परंतु चूक मिठूची नव्हती. आपला राघू झाडावरील फळांवर तुटून पडणारा, तर कॉकटील कोरड्या माळरानावर उतरून गवताचे बी टिपणारा. पोपट म्हटला की सर्वांचे खाणे एकच, हा आपला समज खरा नाही. मिरचीने मात्र त्याचे काही बिघडले नाही. मिरचीतील ज्या द्रव्याने आपली जीभ भाजते, ते पक्ष्यांना जाणवतच नाही. दूधपोळी मी बंद केली, कारण दुधातील शर्करा पचवण्याची यंत्रणा पक्ष्यांच्या पोटात नसते.

यानंतर माझ्यातील डॉक्टर जागा झाला. मी वाचन केले. केवळ बियांवर वाढणाऱ्या पक्ष्याला मेद भरपूर मिळतो. अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र फार थोडे मिळते. यकृतावर चरबी साठते. अ जीवनसत्त्वाच्या अभावी तोंडातील, नाकातील आणि श्वासमार्गातील नाजूक अस्तर जाड व कोरडे होते, मग जंतुसंसर्ग वारंवार होतो. हेच जीवनसत्त्व कमी पडल्याने माणसांच्या मुलांत येणारा रातांधळेपणा मी शिकत असताना पाहिला होता. त्यामुळे हे मला लगेच पटले. सर्व घटक एकत्र करून बनवलेल्या तयार गोळ्या, ज्यांना पेलेट म्हणतात, त्या उत्तम, असे मुलीनेही पुण्याहून ऐकून सांगितले होते. मी पेलेट मागवले आणि एका सोमवारी बियांचे पाकीट कपाटात ठेवून वाटीत केवळ पेलेट भरले. एका खाण्यावरून दुसऱ्यावर कसे यायचे, हे विचारावे असे मला सुचलेही नाही.

मंगळवारी वाटीत भुगा दिसला. मला वाटले, खातो आहे. बुधवारी आई म्हणाली, "अरे, तो खात नाही. नुसता चोचीने फोडून टाकतो."

"भूक लागली की खाईल," मी म्हणालो. हे वाक्य मी कितीतरी आयांना त्यांच्या मुलांविषयी ऐकवले आहे. माणसाच्या निरोगी मुलाबाबत ते बहुधा खरे ठरते. पक्ष्याबाबत ते धोकादायक आहे. कधीही न पाहिलेली वस्तू हे अन्न आहे, हेच त्याला ओळखू येत नाही आणि भरल्या वाटीसमोर तो उपाशी राहतो.

गुरुवारी सकाळी आईने मला दवाखान्यातून वर बोलावले. मिठू दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसला होता. विष्ठा जवळजवळ नव्हतीच. आई काही बोलली नाही. तिचा हात पिंजऱ्यावर होता. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत ती खाटेच्या कडेवर असाच हात ठेवून बसत असे.

मी पुण्याला फोन लावला. डॉक्टर बाईंचा पहिला प्रश्न होता, "वजन किती?"

मी केलेले नव्हते. स्वयंपाकघरातील काट्यावर झाकणासारखा डबा ठेवून त्यात त्याला बसवले. ७४ ग्रॅम. पहिल्या तपासणीत ते ८६ होते. १२ ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतात. परंतु ते त्याच्या वजनाचे १४ टक्के होते. सत्तर किलोचा माणूस चार दिवसांत दहा किलो उतरावा, तसे. पक्ष्याचे वजन दहा टक्क्यांनी घटले तरी ती धोक्याची सूचना समजतात.

"बिया आत्ताच परत द्या, ऊब द्या आणि उद्या सकाळी घेऊन या. दोन तासांत खाल्ले नाही, तर आजच निघा," त्यांनी सांगितले. आईने तळहातावर राळा घेतला. पाऊण तासाने त्याने पहिला दाणा सोलला. त्या पाऊण तासात माझे खाली बसलेले रुग्ण थांबून राहिले. मी त्यांना कारण सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीत अन्य आजार आढळला नाही. उपाशी होता, एवढेच. बाईंनी मला रागावण्याऐवजी पद्धत शिकवली. ती मी वाचकांसाठी येथे देतो.

नेहमीच्या बिया चालू ठेवून त्यात चिमूटभर पेलेट मिसळावे आणि हे प्रमाण कित्येक आठवड्यांत हळूहळू वाढवावे. कॉकटीलने संपूर्ण पेलेटवरच आले पाहिजे, असा हट्ट नको. साधारण निम्मे पेलेट आणि उरलेल्यात लहान दाणे व भाज्या, हे आमच्या मिठूसाठी ठरले. दाण्यांत राळा, वरी, बाजरी असावी. सूर्यफूल आणि करडई खाऊ म्हणून, मोजून. सकाळी भूक असते तेव्हा भाज्या द्याव्यात. अ जीवनसत्त्वासाठी किसलेले गाजर, वाफवलेले रताळे, लाल भोपळा, मेथी, शेवग्याचा पाला. मोड आलेले मूग चांगले. पालक क्वचितच, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा अडकवावा. ओला खाऊ दोन तासांत काढून टाकावा, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर.

टाळण्याच्या यादीत ॲव्होकॅडो आणि चॉकलेट सर्वांत वर, कारण ते प्राणघातक ठरू शकतात. चहा-कॉफी, मद्य, खारवलेले पदार्थ, कांदा-लसूण आणि सफरचंदाच्या बिया देऊ नयेत. शेंगदाण्यांवर डोळ्यांना न दिसणारी बुरशी असू शकते व तिचे विष यकृताला घातक असते, म्हणून आम्ही तेही देत नाही. चहात बुडवलेले बिस्कीट हा आजी-आजोबांचा लाडका खाऊ, त्यावरही फुली. खाण्याशी थेट संबंध नसला, तरी स्वयंपाकघराशी आहे म्हणून सांगतो, नॉनस्टिक भांडे फार तापले तर त्याच्या धुरानेच पक्षी मरू शकतो. पिंजरा तेथून दूर असावा. वाट्या रोज धुवाव्यात, पिंजरा ओल्या फडक्याने पुसावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पक्ष्यांच्या विष्ठेतून माणसाला फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. घरातील ज्येष्ठांना ताप आणि कोरडा खोकला आला, तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कॉकटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते. दमेकऱ्यांच्या घरी हा पक्षी नको.

निघताना बाई म्हणाल्या, "वाटी पाहू नका, वजन पाहा. पक्षी दाणा सोलून फोलपट तेथेच टाकतो. वाटी भरलेली दिसते आणि आत एकही दाणा नसतो. रोज फुंकर मारून बघा."

वजनाची वही आईकडे गेली. रोज सकाळी, खाण्याआधी, त्याच काट्यावर. तिने आणखी एक युक्ती स्वतःच शोधली. पोपट थव्याने खाणारा पक्षी. एकट्याने नवे अन्न चाखण्यापेक्षा इतरांना खाताना पाहून तो लवकर धजावतो. आई आपल्या ताटलीत उपम्याशेजारी चार पेलेट ठेवी, ते उचलल्यासारखे करी आणि "वा, काय छान!" म्हणे. नवव्या दिवशी मिठू तिच्या मनगटावरून ताटलीत उतरला. सहा आठवड्यांत वही ८८ वर पोहोचली.

त्याच सुमारास एका रविवारी मी त्या दोघांचे खाणे पाहत बसलो होतो. मिठूच्या वाटीवर फुंकर मारून फोलपटे उडवली आणि सहज आईच्या ताटलीकडे लक्ष गेले. उपम्याचे चार घास कमी झाले होते. बाकीचा तिने हलक्या हाताने पक्ष्याच्या उष्ट्यात सारला आणि ताटली रिकामी करून उठली. माझ्या घरात आईचे ताट नेहमी रिकामे असे. त्यावरून मी ती जेवते असे धरून चाललो होतो.

मी तिला खाली नेऊन वजनकाट्यावर उभे केले. ४९ किलो. मागील वर्षी मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळच्या कागदावर ५४ होते. नकळत सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के वजन घटले, तर वृद्ध व्यक्तीची तपासणी केली पाहिजे, हे मी परीक्षेत लिहिले होते. आईचे नऊ टक्के घटले होते आणि ती रोज डॉक्टरांच्या घरात जेवत होती.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तूच तर तक्ता लावलास. अळणी, बिनतेलाचं. आणि कवळी टोचते. एकटीनं बसून किती चावायचं?"

थायरॉइड, रक्त, छातीचे चित्र, सर्व तपासण्या केल्या. गंभीर काही निघाले नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे. कवळी नव्याने बसवून घेतली. मधुमेहाच्या ज्या गोळीने तिची भूक मंदावली होती, ती मात्रा तिच्या तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलून कमी केली. डाळीवर फोडणी परत आली, मीठही बेताने परतले. दुपारी तीनपर्यंत चालणारा दवाखाना मी सव्वा वाजता अर्ध्या तासासाठी बंद करू लागलो. चार महिन्यांनी तिचे वजन साडेएक्कावन्न झाले.

छापील तक्ते अजूनही माझ्या खणात आहेत, ते चुकीचे नाहीत. परंतु आता मी तो देताना आज तुम्ही काय खाता, कोणाबरोबर खाता आणि दात कसे आहेत, हे विचारतो. साठीपुढील प्रत्येकाचे वजन कागदावर लिहितो. सोबत आलेल्या मुलाला अथवा सुनेलाही सांगतो की महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. त्यासाठी डॉक्टर लागत नाही.

आईच्या वहीत आता दोन रकाने आहेत. मिठूचा रोजचा, ग्रॅममध्ये. तिचा दर महिन्याच्या एक तारखेचा, किलोमध्ये. दुसऱ्या रकान्यातील आकडा ती मलाच लिहायला लावते.