श्रेणी भरून घेताना

चेन्नईहून उत्तरेस आंध्रच्या सीमेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गुम्मिडिपूंडी येथे, सिपकॉट औद्योगिक वसाहतीच्या कारखान्यांत पाळीने राबणाऱ्या कामगारांची जी मुले माझ्याकडे उपचारासाठी येतात, त्यांपैकी अनेकांचे न्यून बुद्धीत नसते. कामास आरंभ करणे, सांगितलेले ध्यानात धरणे, उसळलेला राग आवरणे या कार्यकारी क्षमता त्यांच्या ठायी दुर्बल असतात. अशा मुलासाठी जेरार्ड जोया व त्यांचे सहकारी यांनी २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेली ‘ब्रीफ’ ही पदनिश्चयन श्रेणी मी पालक व शिक्षक या उभयतांकडून भरून घेतो. प्रत्येक वर्तनापुढे ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’, ‘वारंवार’ एवढ्या तीनच उत्तरांची मुभा असते. त्यांची बेरीज सरासरी ५० धरलेल्या प्रमाणित गुणांत मांडतात आणि ६५ वा त्याहून अधिक गुण चिंताजनक गणतात. परंतु तमिळ वा हिंदीत तोंडी समजावून मिळवलेल्या उत्तरांवर अमेरिकन मुलांच्या मापांचा अंमल जसाच्या तसा चालवणे मला गैर वाटते. मुलाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करणे, हाच या श्रेणीचा आमच्याकडील रास्त उपयोग.

खरा ऐवज सापडतो तो उत्तरांच्या विसंगतीत. एका मुलाविषयी, तो आपण होऊन अभ्यासाला बसत नाही, असे आईने ‘वारंवार’ नोंदवले, तर शिक्षिकेने ‘कधीच नाही’ म्हणून लिहून दिले. आणि दोघींचेही खरे होते. वर्गात दिवसाचा क्रम फळ्यावर लिहिलेला असे, बाई एका वेळी एकच सूचना देत. घरी मात्र दप्तर, डबा, गणवेश, पाढे यांचे हुकूम एका दमात सुटत. तो वर्गातला क्रम चित्रांच्या तक्त्याच्या रूपाने घरच्या भिंतीवर आला, तेव्हा फेरतपासणीत आरंभाच्या रकान्यातील गुण उतरले. रागाचे मात्र चढले. विचारपूस करता कळले की, वडिलांना रात्रपाळी लागली होती, ते दिवसा निजत, आणि त्या लहानशा घरात मुलाला आवाज करण्याची सक्त मनाई होती. उपचारात फेरफार करण्याऐवजी दुपारी त्याला मैदानात पाठवण्याची तजवीज केली.

शांत खोलीत घेतलेल्या चाचण्यांशी अशा श्रेणींचा मेळ फारसा बसत नाही, हे टोप्लॅक, वेस्ट व स्टॅनोविच यांनी २०१३ साली संशोधनांचा आढावा घेऊन दाखवले आहे. मला त्यात श्रेणीचा दोष दिसत नाही. मूल काय करू शकते ते चाचणी सांगते, आणि रोजच्या गडबडीत ते काय करते याची साक्ष श्रेणी देते.

म्हणून पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, श्रेणी ज्याने प्रथम भरली त्यानेच ती पुढील वेळीही भरावी, पाळी, आजार, परीक्षा यांची नोंद समासात करावी, आणि एकूण गुण तेवढे ऐकून घरी न परतता, कोणत्या विधानाचे उत्तर बदलले ते उपचारकाला अवश्य विचारावे.