सोमवारी बंद पडणारी गाडी

2006 सालच्या उन्हाळ्यात आमची गाडी दर सोमवारी बंद पडत असे. गुरुवारी मात्र पडत नसे. हे सांगितले की लोक आजही हसतात. त्या दिवसांत आमच्या घरात मात्र कोणी हसत नव्हते. बाबांना आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिससाठी बांबोळीच्या गोमेकॉत न्यावे लागे. मोरजीहून पहाटे निघायचे, चोपड्याचा पूल ओलांडून शिवोली, मग म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल आणि बांबोळी. तिथली वेळ ठरलेली. आपण उशीर केला तर मागच्या माणसाचाही उशीर होतो, आणि तोही आपल्यासारखाच आजारी असतो.

गाडी 1994 सालची, जुनी म्हणून घेतलेली मारुती 800. ही गाडी 1983 च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि 2014 साली तिचे उत्पादन थांबले, त्यामुळे आताच्या मुलांनी ती क्वचितच पाहिली असेल. आमची होती कार्ब्युरेटरची. आजच्या गाड्यांसारखा संगणक तिच्यात नव्हता, की जो स्वतःहून दोष सांगेल.

म्हापसा ओलांडून गिरीची शेते लागली की ती दोन-तीन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. चावी फिरवली की स्टार्टर फिरे, पण इंजिन धरत नसे. पंधरा-वीस मिनिटे रस्त्याच्या कडेला बसावे लागे. बाबा मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेले असत. मग गाडी आपोआप सुरू व्हायची आणि काही झालेच नाही अशा थाटात बांबोळी गाठायची.

गॅरेजवाल्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. शेवटी फ्युएल पंपही बदलला. दर वेळी तो आगरवाड्यापर्यंत चक्कर मारून येई आणि सांगे, गाडी झकास आहे. त्याचेही काही चुकत नव्हते. पाच-सहा किलोमीटरांत ती खरोखरच झकास असे. जो दोष बघणाऱ्यासमोर येतच नाही, तो बघणारा तरी कसा शोधणार? शेजारच्या एका आजीने सोमवारचे कारण ओळखून राखणदाराला गाऱ्हाणे घालायला सांगितले. तेही आम्ही घातले, खोटे कशाला सांगा.

पण आमचा खरा संशय दुसरीकडेच होता. आम्ही रविवारी संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून आणत असू. सकाळी आजारी माणसाला घेऊन जायचे, वाटेत पेट्रोल संपायला नको. रविवारी पेट्रोल भरले की सोमवारी गाडी बंद. मग दोष कुणाचा? पेट्रोलचा! आम्ही पंपावर जाऊन तिथल्या मुलाला चार लोकांसमोर बोललो. भेसळीचा आरोप केला. त्याने शांतपणे फिल्टर पेपर आणून त्यावर पेट्रोलचे थेंब टाकले. पेट्रोल उडून गेले, कागदावर डाग राहिला नाही. ही तपासणी मागण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, आणि ती केल्यावर तिचा निकाल मानायला हवा. आम्ही मानला नाही. मालकाकडे तक्रार केली आणि पंप बदलला. पुढच्या सोमवारी गाडी पुन्हा बंद पडली.

आमची थोरली तेव्हा आठवीत होती. मे महिन्याची सुट्टी असल्यामुळे ती बाबांच्या सोबतीला गाडीत असे. तिने जुन्या वहीत एक तक्ता आखला होता: वार, ठिकाण, घरापासून किती किलोमीटर, ऊन किती, पेट्रोलचा काटा कुठे, किती मिनिटांनी सुरू झाली. गाडी बंद पडली नाही तो दिवसही ती लिहीत असे. आम्हांला तो वेळ घालवायचा उद्योग वाटला.

एका संध्याकाळी कदंबमधून निवृत्त झालेले आमचे शेजारी ओसरीवर बसले होते. त्यांनी ती वही वरपासून खालपर्यंत वाचली आणि काट्याच्या रकान्यावर बोट ठेवले. बंद पडलेल्या प्रत्येक दिवशी टाकी भरलेली होती. गुरुवारी ती अर्धी किंवा अर्ध्याहून कमी असे, आणि त्या दिवशी गाडी सरळ जात असे. टाकीचे झाकण कधी बदलले का, एवढेच त्यांनी विचारले.

बदलले होते. मार्चमध्ये मूळ झाकण कुठेतरी हरवले, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आम्ही पस्तीस रुपयांना नवे आणले होते. अगदी घट्ट बसणारे, म्हणून खूशही होतो.

खोबरेल तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते. दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते, कारण तेल बाहेर जाते तितकी हवा आत यावी लागते. पेट्रोलच्या टाकीचेही तसेच. मूळ झाकणात हवा आत घेणारी बारीक झडप होती, आमच्या नव्या झाकणात ती नव्हतीच. टाकीची हवेची नळी खाऱ्या वाऱ्याने आणि मातीने आधीच बुजलेली होती. इंजिन पेट्रोल ओढायचे आणि टाकीत पोकळी वाढत जायची. टाकी अर्धी रिकामी असली तर आतल्या भरपूर हवेत लिटर-दोन लिटरांचा फरक जाणवत नाही. टाकी भरलेली असली की वर जेमतेम थोडी हवा, तिच्यावर ताण लगेच येतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. म्हणजे पेट्रोल संपायला नको म्हणून आम्ही जी काळजी घेत होतो, तिनेच गाडी बंद पडत होती. गाडी थांबल्यावर कुठून तरी थोडी हवा झिरपे आणि ती पुन्हा सुरू होई.

नुसत्या तर्कावर शेजाऱ्यांचा विश्वास नव्हता. शनिवारी बाबांना घरी ठेवून आम्ही टाकी भरली आणि निघालो. गिरीला गाडी बंद पडली. आयुष्यात पहिल्यांदाच ती बंद पडल्याचा आम्हांला आनंद झाला! शेजाऱ्यांनी आधी एका प्लगची ठिणगी पाहिली, ती ठीक होती. ते आटोपल्यावर त्यांनी कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढली. एरवी तिथे पेट्रोलची बारीक पिचकारी उडते, ती उडाली नाही. मग त्यांनी थोरलीला झाकण उघडायला सांगितले. फुस्स करून हवा आत गेली. सगळ्यांनी ऐकली. चावी दोन-तीनदा फिरवताच गाडी सुरू झाली, पंधरा मिनिटे थांबावे लागले नाही. पुन्हा टाकी भरून झाकण घट्ट लावले, तर परतीच्या वाटेवर पुन्हा बंद. झाकण सैल केले आणि घरी पोचलो. सैल झाकणाने रोज फिरणे धोक्याचे, म्हणून सोमवारच्या आत कंपनीचे झाकण आणले आणि बुजलेली नळीही साफ करून घेतली.

त्या सोमवारी बाबांना पर्वरी कधी गेली ते कळलेही नाही. त्यांना झोप लागली होती.

राहिला तो पंपावरचा मुलगा. आम्ही दोघे थोरलीला आणि वहीला घेऊन गेलो. चार लोकांसमोर बोललो होतो, तेव्हा माफीही तशीच मागितली. तो हसला नाही. आमच्या तक्रारीनंतर मालक महिनाभर रोज त्याचा हिशेब दोनदा तपासत होता, असे त्याने सांगितले. आम्ही मालकाकडे जाऊन सगळे सांगितले, वहीही दाखवली.

पुढच्या रविवारी पुन्हा त्याच पंपावर गेलो. त्याने नवे झाकण काढले, उलटे करून आतली झडप नीट पाहिली, आणि मगच नळी टाकीत घातली.