डब्यावरची अक्षरे

मराठीचा प्राध्यापक म्हणजे पारिभाषिक शब्दांचा कारखाना, अशी लोकांची समजूत असते. मुंबईतल्या आमच्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवणारे एक स्नेही परवा असेच एक लांबलचक इंग्रजी नाव घेऊन आले. मी अर्थ विचारला. ते म्हणाले, "धंदा ज्या गोष्टीवर उभा आहे, तिला उपयोगी पडेल अशीच माहिती ठेवायची आणि तिच्या बळावर इतरांच्या पुढे जायचे." शब्द काही मला सुचेना. पण समोर माझा जेवणाचा डबा होता, त्याच्या झाकणावर बोट ठेवून मी म्हटले, "हे पाहा."

डबेवाल्यांच्या डब्याचे झाकण तुम्ही कधी निरखून पाहिले आहे का? मधोमध ठळक आकडा, डबा कुठे उतरवायचा ते सांगणारा. एका अंगाला पोचवणाऱ्याची खूण, इमारत आणि मजला. दुसऱ्या अंगाला डबा निघाला त्या उपनगराची अक्षरे. संपले! मालकाचे नाव नाही, घराचा पत्तासुद्धा नाही. सकाळी डबा उचलणारा आणि दुपारी रिकामा डबा परत नेऊन देणारा माणूस एकच; घर त्याला पाठ असते. मग ते लिहायचे कशाला? लोकल फलाटावर थांबते जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्या घाईत डबे निवडणाऱ्याने एकच आकडा पाहायचा, बाकीच्याशी त्याला कर्तव्य नाही. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या या धंद्याचा २०१० साली हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने अभ्यास केला, तो काही उगाच नव्हे. डबा वेळेवर आणि स्वस्तात पोचवणे हा धंदा. झाकणावर त्याला लागते तेवढेच.

नाहीतर मी जिथे शिकवतो तिथले पाहा. प्राध्यापक किती वाजता आले ते मोजणारे महागडे यंत्र दाराशी बसवले आहे. आत गेल्यावर त्यांनी शिकवलेले कोणाला कळले की नाही, हे त्याला कोणी विचारलेले नाही. असो.

माझे स्नेही खूश झाले आणि उठले. मला मात्र तेवढ्यावर थांबवेना. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि डबेही थांबले. झाकणावरची अक्षरे तशीच होती, पण ती ज्या कचेऱ्यांची वाट सांगत होती त्यांना कुलपे लागली होती. मावळ-खेड-जुन्नरकडची ही माणसे गावी गेली. पुढे गाड्या सुरू झाल्या, तेव्हा आमच्याकडे डबा आणणारे मामा परत आले. त्यांच्या गटातले दोघे आले नाहीत. त्या दोघांबरोबर त्यांच्या गल्ल्याही गेल्या. कोणत्या जिन्याने चढायचे, कोणत्या बाई डबा भरायला पाच मिनिटे उशीर करतात, हे सारे त्यांच्या डोक्यात होते आणि डोकी शेतावर होती! पत्ता न लिहिण्यात जी हुशारी होती, तिचीच किंमत मामांना मोजावी लागली. इकडे मोबाइलवरून जेवण पाठवणाऱ्या कंपन्यांपाशी गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, मागच्या खेपेस मागवलेली भाजी, सगळे नोंदलेले.

मामांनी तसले यंत्र घ्यावे असे मला वाटत नाही. मी काय जेवतो हे त्यांना ठाऊक नाही, यात मला एक सुखच आहे. पण या पावसाळ्यात त्यांनी शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक डब्याचे घर, फोन आणि माणूस असे तीन रकाने आखले. माझी पाळी आली तेव्हा घर त्यांनी न विचारता लिहिले. मग पेन्सिल थांबली.

"मास्तर," ते जरा संकोचून म्हणाले, "अकरा वर्सं डबा देतोय. तुमचं नाव काय लिवू?"