केडगाव : मिशन की बेट?

पुणे-दौंड शटलने यवत सोडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचं धुराडं दिसतं आणि काहिलीत आटणाऱ्या रसाचा वास डब्यात शिरतो. केडगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने नाव-गाव न विचारता थेट मुद्द्यालाच हात घातला, “मिशन की बेट?” बेट म्हणजे नारायण महाराजांचं दत्तस्थान, आणि मिशन म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. म्हटलं, आधी मिशन.

मिशनच्या आवारात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवली ती झाडांची सावली. मोठं चर्च, शाळा, मुलींची वसतिगृहं. मधल्या सुट्टीचा गलका चालला होता. आवार दाखवायला आलेल्या मावशींनी थेट रमाबाईंच्या कबरीपाशी नेलं. “बाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मनोरमाताई त्याच्या आदल्या वर्षीच,” त्या म्हणाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या मायलेकींबद्दल त्या शेजारच्या घरातल्या माणसांसारख्या बोलत होत्या.

रमाबाईंचं चरित्र मराठी वाचकाला ढोबळ माहीत असतं: अनंतशास्त्री डोंगऱ्यांची संस्कृत शिकलेली मुलगी, कलकत्त्यात मिळालेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, बंगाली वकिलाशी लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, मग विलायत आणि धर्मांतर. या शेवटच्या शब्दाशी आपण थांबतो. मग कुणी रागावतं, कुणी कौतुक करतं. त्या श्रद्धेने बाईंच्या बऱ्यावाईटाच्या हिशेबात नेमकं काय बदललं, हे विचारायला मात्र फारसं कुणी जात नाही.

त्याचं एक उत्तर केडगावपासून फार दूर, लंडनच्या फुलहॅममध्ये सापडतं. १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या. या भगिनींचं फुलहॅमला एक घर होतं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहिलं आहे की अशा बायकांसाठी आपल्या शास्त्रांत कुत्र्यांकडून फाडून टाकण्याची शिक्षा वाचली होती, आणि इथे कुलीन घरातल्या बायका त्यांची शुश्रूषा करत होत्या. असं का, म्हणून त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी विहिरीवर आलेली शोमरोनी बाई. पाच नवरे झालेले, आणि सध्या ज्याच्याजवळ राहते तो नवरा नव्हे. येशू तिला पहिलं वाक्य बोलतो ते उपदेशाचं नाही. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

या प्रसंगाचं वजन आपल्याकडच्या माणसाला जास्त कळावं, असं मला वाटतं. यहुदी माणसाने शोमरोन्यांच्या भांड्याला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज होता. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर ज्या समाजात माणसाची किंमत ठरत होती, त्याच समाजातल्या एका ब्राह्मण विधवेने ही गोष्ट ऐकली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने बाप्तिस्मा घेतला.

धर्म घेतला म्हणून बाई कुणापुढे वाकल्या नाहीत, हे मला विशेष वाटतं. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या गळी उतरेना. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी पत्रांतून असा वाद घातला की वाचताना जेराल्डीनबाईंचीच दया यावी. एका धर्माच्या पुरोहितांची सत्ता झुगारून दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांची सत्ता मानायची, हे त्यांना पटत नव्हतं. क्रूसावर लॅटिन अक्षरं, मग संस्कृत का नको, असं विचारणारी ही बाई. पुढे १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगछावणीत बायकांचे काय हाल होतात, यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सरकारला धारेवर धरलं. राज्यकर्त्यांचा देव मानला म्हणजे राज्यकर्त्यांनाही मानलं, असा अर्थ त्यांनी कधी लावला नाही.

चर्चच्या पायरीवर बसून मावशींना विचारलं, “इथे काम फार करवून घेत ना त्या काळी?” त्या हसल्या. “करवून घेत म्हणजे? सगळंच बायका करत. शेती, गाई, विणकाम, तेलघाणा, छापखाना.”

याचं मूळ मला दुष्काळात दिसतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. घरात विद्वत्ता होती, पण अंगमेहनतीचं काम कुणाला येत नव्हतं आणि ते करायची लाजही वाटत होती. जवळ होतं ते दानधर्मात आणि तीर्थयात्रेत संपलं. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचा भाऊ वणवण फिरले. झेलमच्या काठी थंडीत वाळूत खड्डे करून, वरून कोरडी वाळू ओढून घेऊन रात्री काढल्या. अशा बाईच्या संस्थेत कामाची लाज बाळगायला जागाच उरली नसणार.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः फिरल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. प्लेगच्या नियमांमुळे पुण्यात एवढ्या माणसांना ठेवणं अशक्य होतं. केडगावची शेतजमीन आधीच घेतलेली होती. तिथे राहुट्या, छपरं उभी राहिली आणि त्यातून ‘मुक्ती’ झाली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. फुलहॅमला पाहिलेलं इथे ‘कृपासदन’ या नावाने आलं. समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांसाठी ते होतं. माणूस आधी लायक ठरतो आणि मग त्याला देव भेटतो, असं नाही. देवाची कृपा आधी येते, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातला मुद्दा. तो इथे विटा-मातीत उतरला.

एक गोष्ट मात्र मला सुखाने मान्य करता येत नाही. दुष्काळात हाडं निघालेल्या पोरीला भाकरी देणारा जो धर्म मानतो, तो धर्म ती पोर मोकळ्या मनाने निवडते की भाकरीच्या ओढीने? बाईंच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण त्या मुलींचा आवाज आपल्यापर्यंत फार थोडा आला आहे. मिशनमधल्या १९०५ च्या मोठ्या प्रार्थना-जागृतीची हकीकतही मुख्यतः मिनी अब्राम्स या अमेरिकन सहकारी बाईंच्या लेखणीतून जगभर गेली. त्यांची पुस्तिका वाचून चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ पेटली. केडगावचा चिलीशी संबंध असेल, हे रिक्षावाल्याला सांगितलं असतं तर त्याने मीटर टाकला असता.

धर्म मोकळ्या मनाने निवडला की ओढीने, हाच प्रश्न केडगावच्या आधी पुण्यात गाजला होता. रमाबाईंचं विधवांसाठीचं शारदासदन १८८९ साली मुंबईत निघालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. विधवांनी आपला धर्म सांभाळून शिकावं, असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार लावून घेत नसत. मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. दार लावून प्रार्थना करणं म्हणजे रमाबाईंच्या लेखी लपवाछपवी होती, आणि दार उघडं ठेवणं म्हणजे सल्लागारांच्या लेखी विश्वासघात. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, म्हणूनच तडजोड झाली नाही.

शारदासदनात शिकलेली एक विधवा, गोदूबाई, मात्र ख्रिस्ती झाली नाही. त्याच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांच्या शिक्षणाचं तेच काम, पण धर्मांतराचा प्रश्न बाजूला ठेवून. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, त्यासाठी वर्गणी गोळा करत फिरत.