हळहळीनंतरचं काम

३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणची बातमी बाहेर पोहोचली ती एका एसटी चालकामुळे. रोजच्या रस्त्यावर त्याला गावच दिसेना. आंबेगाव तालुक्यातल्या त्या वस्तीवर डोंगर उतरला होता आणि १५१ माणसं गेली होती. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातलं तळीये गेलं, २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. माळीणला दहा वर्षं पूर्ण झाली, नेमक्या त्याच तारखेला वायनाडमधल्या गावांवर दरड आली. १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप रेडिओ, दूरदर्शन आणि वर्तमानपत्रांतून समजून घेतलेली पिढी आता चिखलातला शोध हातातल्या फोनवर पाहते. बातमीचा वेग वाढला, चित्रं जवळ आली. आपलं वागणं मात्र फारसं बदललेलं नाही. आधी सुन्न होणं, मग हळहळ, मग दोष कुणाचा याची चर्चा, मग मदतीचा ओघ, आणि दिवाळीपर्यंत सगळं शांत. यातला कळवळा खरा असतो, याबद्दल मला शंका नाही. पण तो किती तीव्र होता यापेक्षा किती टिकला, यावर पुढच्या गावाचं भवितव्य ठरतं.

पहिल्या दोन दिवसांत हमखास कानावर येणारा प्रश्न म्हणजे ‘ही माणसं तिथं राहिलीच कशाला?’ तो विचारणाऱ्याला निष्ठुर म्हणण्याचं कारण नाही. तो घाबरलेला असतो. मेलेल्यांची काही चूक होती असं ठरलं, की ती चूक न करणारे आपण सुरक्षित आहोत असा धीर मिळतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर कुणी खोलात जाऊन शोधत नाही. शोधलं तर दिसतं, की इर्शाळवाडीतल्या ठाकर आदिवासींची शेती, रान आणि रोजचं जगणं त्याच डोंगराशी बांधलेलं होतं. शिवाय दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच. सरकारनेच ते विधिमंडळात सांगितलं. ज्यांच्याकडे नकाशे आहेत, भूगर्भतज्ज्ञ आहेत, त्या यंत्रणेच्या कागदावर जो धोका नव्हता, त्याचा जाब गावकऱ्यांना कसा विचारायचा? विचारायचंच तर हे विचारावं, की यादी कोण करतं, ती किती वर्षांनी तपासली जाते, आणि डोंगराखाली राहणाऱ्या माणसांना त्या वेळी कुणी काही विचारतं का.

मदतीबद्दल महाराष्ट्राला कुणी नावं ठेवू नयेत. किल्लारीला देशभरातून धान्य, कपडे, डॉक्टर आणि स्वयंसेवक आले. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. भर पावसात, रात्रीच्या अंधारात गिर्यारोहक, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं चढून गेली, आणि त्या चढणीवर एका अग्निशमन अधिकाऱ्याचा जीव गेला. हे सगळं आदराने आठवावं असंच आहे. मात्र बचावाचं काम दिवसांत संपतं, पुनर्वसनाला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांकडे आपलं लक्ष नसतं. नव्या माळीणचं लोकार्पण २०१७ च्या एप्रिलमध्ये झालं. पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले. जुन्या माळीणसाठी रडलेल्यांपैकी किती जणांपर्यंत ही दुसरी बातमी पोहोचली असेल? पश्चिम घाटाबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा आहे. प्रत्येक दरडीनंतर त्याचं नाव निघतं आणि पाऊस ओसरला की पुन्हा मागे पडतं.

यावर कुणी म्हणेल, सामान्य माणसाने किती दुःखं वाहायची? रोज नवी आपत्ती, रोज नवी चित्रं; मन बधिर होणारच. हा आक्षेप मला मान्य आहे. तीच दृश्यं दहादा पाहून कुणाचं भलं होत नाही. टीव्ही खुशाल बंद करावा. पण दुःख धरून बसणं आणि विषय धरून ठेवणं यांत फरक आहे. दुसरा आक्षेप निसर्गापुढे इलाज नसल्याचा. त्याला ओडिशाने उत्तर दिलं आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं मेली. त्यानंतर निवारे उभे राहिले, इशारा गावोगाव पोहोचवण्याची व्यवस्था लागली, सराव झाले. २०१३ मध्ये फायलिन वादळ आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवण्यात आलं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ आधी दिसतं, दरड दिसत नाही, हे खरं. दरडीची वेळ सांगता येत नाही. पण जमिनीला गेलेल्या भेगा, झऱ्यांचं अचानक गढूळ झालेलं पाणी, कललेली झाडं गावकऱ्यांना दिसू शकतात. गावात पर्जन्यमापक असेल, अतिवृष्टीच्या दिवसांत मुक्काम हलवायला पक्की जागा असेल, आणि तिथे जाण्याचे दिवस मजुरी बुडवणारे ठरणार नसतील, तर माणसं वाचू शकतात.

हे काम जुलैत होत नाही. त्याचे महिने जानेवारी ते मे. तेव्हा डोंगर कोरडे असतात, बातम्यांत दरड नसते आणि अंदाजपत्रकं ठरत असतात. आमदाराला, जिल्हा प्रशासनाला, ग्रामसभेला आणि वर्तमानपत्राला पत्र लिहून तेव्हाच विचारावं: यादी तपासली का, नवी घरं पावसात टिकली का, निवाऱ्याची जागा ठरली का? जुलैत ज्याचे डोळे भरून आले, त्याला फेब्रुवारीत एक पत्र लिहिणं जड नाही. अशी पत्रं पुरेशी गेली, तर यादीत नसलेल्या एखाद्या वाडीची नोंद पावसाआधी होऊ शकते. मेलेल्यांसाठी आपण हळहळू शकतो. जे अजून डोंगराखाली झोपतात, त्यांना मात्र आपल्या चिकाटीची गरज आहे.