गच्चीवरची संक्रांत

आमच्या घरची संक्रांत ही पूर्वापार जमिनीवरची. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, सुगडांत ऊस, बोरं नि हरभरे, काळी चंद्रकळा, हळदीकुंकू, आणि मग महिनाभर पुरून उरणारा तिळगूळ! पतंग हा परीक्षेत नापास होणाऱ्यांचा उद्योग, अशी आमच्या वडिलांची समजूत होती आणि वडिलांची समजूत हाच घरचा कायदा होता. त्यामुळे आमचे मेहुणे अहमदाबादेहून दरवर्षी "भाऊजी, एकदा उत्तरायणाला याच" म्हणून आग्रह करीत आणि मी शिताफीने कन्नी कापत असे. गेल्या वर्षी मात्र सौभाग्यवती आणि बारा वर्षांचे चिरंजीव यांनी संयुक्त आघाडी उघडली, आणि १३ जानेवारीच्या दुपारी आम्ही अहमदाबादेत दाखल झालो.

मेहुण्यांचे बिऱ्हाड जुन्या शहरातल्या एका पोळीत आहे. पोळ म्हणजे खायची नव्हे! वेशीसारखा दरवाजा असलेली, एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या घरांची चिंचोळी गल्ली. १४११ साली वसलेल्या या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, तो बराचसा या पोळींमुळे. घरे इतकी दाटीची की एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर वाटीभर उंधियू सहज पोहोचतो. पतंगासाठी याहून चांगले रणांगण कोण कशाला बांधील?

रात्री आम्ही बाजार पाहायला निघालो. फूटपाथवर ओळीने खांब रोवलेले, त्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे पदर ताणलेले. बोटांना पट्ट्या गुंडाळलेले कारागीर भात, रंग आणि काचेची पूड यांची लुगदी मुठीत धरून दोऱ्यावरून चालत जात होते. यांतले कित्येक थेट उत्तर प्रदेशातून येतात. पतंगांचेही तसेच. जमालपूरसारख्या वस्त्यांतून वर्षभर घरोघरी हे काम चालते. कोणी कागद कापतो, कोणी बांबूची कामटी तासतो, कोणी कमान चिकटवतो, आणि त्यात बायकांचे हात पुष्कळ. ही घरे बहुतेक मुसलमानांची. पंचांगात संक्रांतीचे स्नान आहे, दान आहे, पुण्यकाळ आहे. पतंग कुठेच नाही. खुद्द सूर्यही २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळून मोकळा झालेला असतो. पण कोणत्याही शास्त्राने न सांगितलेला हा पतंग सणात असा मिसळला, की आता तो काढला तर सणच उरणार नाही. आणि तो हिंदूंच्या हाती देतात शेजारचे मुसलमान. मला ही गोष्ट त्या रात्री फार गोड वाटली.

चिरंजीवांना मात्र तत्त्वज्ञानात रस नव्हता. एका कोपऱ्यावर एकजण पोत्याखालून चकाकत्या दोऱ्याची फिरकी काढून दाखवीत होता. "तूटेगा ही नहीं!" मुलाने माझ्याकडे पाहिले. मामा पुढे गेले होते. मी घासाघीस करून ती फिरकी घेतली. खोटे कशाला बोलू, घेतली ती मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो तो आकाश दिसेना! लाल, पिवळे, जांभळे पतंगच पतंग. पिपाण्यांचा कल्लोळ, गच्चीगच्चीवर गाणी, मधूनच "काइपो छे!" अशी आरोळी, आणि पाठोपाठ "लपेट! लपेट!" सत्तरीच्या आजीबाई काळा चष्मा लावून ढील देत होत्या. आपण जिला कन्नी म्हणतो तिला हे किन्ना म्हणतात, एवढे भाषाशास्त्रीय संशोधन करून मी जिलबीकडे वळलो. चिरंजीवांनी तेवढ्यात एकामागून एक सात पतंग कापले. माझी छाती फुगली. आमच्या वडिलांनी हे पाहायला हवे होते!

मेहुणे कौतुकाने जवळ आले, दोऱ्याला बोट लावले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा नायलॉन आहे, भाऊजी. कुठे मिळाला?"

मी गप्प. त्यांनी सदऱ्याची कॉलर खाली ओढली. गळ्यावर, या कानाखालून त्या कानाखालपर्यंत एक बारीक पांढरी रेघ होती. "पुलावरून स्कूटरने येत होतो. मफलर होता म्हणून वाचलो. ताईला सांगितलं नव्हतं." रस्त्यात प्रत्येक दुचाकीच्या हँडलवर वाकवलेली सळई मी सकाळपासून पाहत होतो, ती शोभेची नव्हे, हे तेव्हा कळले. या दोऱ्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे. सुती मांजाही कापतोच. म्हणून तर पाखरे निघण्या-परतण्याच्या वेळी, पहाटे नि सांजवेळी पतंग उडवू नये असे सांगतात, आणि जखमी पाखरांसाठी गुजरात सरकार त्याच वर्षापासून करुणा अभियान चालवते. पण तो निदान तुटतो. हा तुटत नाही, हाच त्याचा गुण म्हणून मी पैसे मोजले होते.

"तोडून टाकू?" चिरंजीवांनी रडवेल्या आवाजात विचारले.

"नको रे. सुटलेला दोर कोणाच्या तरी गळ्यात पडायचा. पूर्ण उतरव."

बराच वेळ मामा-भाचे तो पतंग हळूहळू खाली आणत होते. शेजारच्या गच्चीवरून चिडवाचिडवी झाली; कोणी उत्तर दिले नाही. मग मी जिन्यात बसून त्या दोऱ्याचे कात्रीने बोटभर तुकडे केले. ते काम मी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. साध्या सुती दोऱ्यावर चिरंजीवांचे तीन पतंग तासाभरात गुल झाले, आणि चौथ्याला ते पुन्हा हसू लागले.

रात्री मोठ्या पांढऱ्या पतंगांच्या दोरीला कागदी कंदील बांधून लोकांनी तुक्कल चढवले. अंधारात दिव्यांची माळ झुलू लागली. गुरु ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांचे एक पद आहे. त्यात पोर कागदाचा पतंग उडवते, सवंगड्यांशी गप्पाही मारते, पण चित्त असते ते दोरीवर. इतकी वर्षे मी वर्गात त्याचा भक्तिपर अर्थ सांगत आलो. त्या रात्री मला त्याचा साधा अर्थ उमगला.

यंदा पुन्हा उत्तरायणाला जायचे ठरले आहे. फिरकी मामाच घेणार आहेत.