कात्री आणि टाचण्या

मरणाच्या दारातून परतलेला कलावंत काहीतरी गूढ, गहिरं घेऊन येतो, असं आपल्याकडे फार भाबडेपणाने मानलं जातं. चित्रकला शिकवता शिकवता मला ते पटेनासं झालं, ते आंरी मातिस या फ्रेंच चित्रकारामुळे.

1941च्या जानेवारीत फ्रान्समधल्या ल्यों शहरात त्याच्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. वय 71. गुंतागुंत वाढली, आशा सुटत चालली, तरी तो वाचला. पण पोटाचे स्नायू कायमचे दुबळे झाले. ईझलपुढे तासन्‌तास उभं राहणं संपलं. 1954च्या नोव्हेंबरात तो गेला. मधल्या वर्षांतला बराच काळ पलंगावर नाहीतर चाकाच्या खुर्चीत गेला, आणि याच काळाला तो आपलं दुसरं आयुष्य म्हणायचा.

या आयुष्यात त्याच्या हाती कात्री आली, असं सांगितलं जातं. खरं तर ती आधीपासूनच होती. 1930 नंतर अमेरिकेतल्या बार्न्स संग्रहासाठी भलंमोठं भित्तिचित्र करताना आकृत्या सरकवून बघायला तो रंगीत कागदाचे तुकडे वापरत असे. चित्र ठरलं की कागदांचं काम संपलं. आजारानंतर ही कच्ची सोयच पक्कं काम झाली. नवं काही सुचलं नाही. जे आड येत होतं ते गळून पडलं.

पद्धत साधी. सहायक मुली कागदावर ग्वाश लावायच्या, म्हणजे आपल्या पोस्टर कलरच्या जातीचा अपारदर्शक रंग. कागद वाळला की मातिस बहुतेकदा आखणी न करता थेट कापायचा. तुकडा भिंतीवर टाचणीने लागायचा. मग खुर्चीतून सूचना: जरा वर, जरा डावीकडे. डिंकाची पाळी फार उशिरा यायची. काही कामं तर त्याच्या मृत्यूनंतर चिकटवली गेली. जवळून पाहिलं तर टाचण्यांची भोकं दिसतात. आधी रेषा की आधी रंग, हा चित्रकाराचा जुना तंटा इथे कात्रीने मिटवला, कारण ती रंगातच रेषा काढते.

1952च्या उन्हाळ्यात तो पोहणारे बघायला कान शहरी गेला. ऊन सोसवेना, तसाच माघारी आला आणि नीसच्या घरी जेवणाच्या खोलीत भिंतीभर पांढऱ्या कागदाचा पट्टा लावून घेतला. त्यावर निळी माणसं सूर मारू लागली. हा ‘स्विमिंग पूल’ आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. जिथे जाणं जमत नाही ते घरात मांडायचं, एवढाच हिशेब. त्यात कण्हणं नावालाही नाही.

हे सगळं सहज उतरलं, असंही नाही. त्याच वर्षीच्या ‘निळ्या नग्निका’ या मालिकेतली चौथी खरं तर सर्वांत आधी हाती घेतलेली. तिच्यावर कोळशाच्या खुणा आहेत, तुकड्यांवर तुकडे चढवलेले आहेत. हात बसल्यावर बाकीच्या झपाट्याने झाल्या. विद्यार्थ्यांना मी आवर्जून हीच चौथी दाखवतो.

मरण त्याच्या कामात कुठेच नाही असं म्हणता येणार नाही. ‘जाझ’ या 1947च्या पुस्तकात ग्रीक पुराणकथेतला, उडता उडता कोसळलेला इकारस काळ्या आकृतीत दिसतो; निळ्यात तो तरंगतो की कोसळतो, कळत नाही. छातीवर लाल ठिपका. ते पान दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीतलं. 1944मध्ये त्याची बायको आणि मुलगी गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या कैदेत होत्या. पण मातिसने यावर भाष्य केलं नाही, ठिपका ठेवला.

एक गोष्ट मात्र अशा लेखांतून सुटते. मातिसकडे पैसा होता, आणि लीदिया देलेक्तोर्स्काया होती: कागद, माणसं, वेळापत्रक, सगळं सांभाळणारी. त्या मदतीशिवाय त्याची जिद्द पलंगावरच राहिली असती. म्हणून एक विनंती. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणी थकलेला, अंथरुणाला खिळलेला चित्रकार, लेखक, गायक असेल, तर त्याला नुसतं ‘आराम करा’ म्हणू नका. रोज तासभर त्याच्या हाताखाली बसेल असं माणूस शोधून द्या.